सुपाआडचा प्रॉम्टर

आईकडे सुपं दोन होती. एक नवं, त्याला आम्ही हात लावला की पाठीत धपाटा ठरलेला. दुसरं जुनं, एका कोपऱ्यात उसवलेलं. ते तिने एका दुपारी वैतागून आमच्यासमोर टाकलं आणि म्हणाली, “घ्या, अन् माह्या डोक्याची कटकट घालवा.” त्या उसवलेल्या सुपाआड बसून मी पुढे कितीतरी महिने राज्य केलं. हाती राज्य आलं की माणसाचं काय होतं, हे मला तेराव्या वर्षीच कळलं, आणि ते तेव्हाच कळलं हे बरं झालं. पुढे नोकरीत जे काही लहानसहान अधिकार मिळाले, ते मी जरा घाबरतच वापरले.

आम्ही तेव्हा ब्रह्मपुरीत राहत होतो, धानाच्या गिरणीमागच्या एका लांबट घरात. घराचे दोन भाग. एकात आम्ही: आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ विलास. बाबा एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. दुसऱ्या भागात मल्लेशकाका, त्याच गाडीचे ड्रायव्हर, त्यांची बायको लक्ष्मीकाकू आणि त्यांची एकुलती एक राजेश्वरी, म्हणजे आमची राजी. ती माझ्याच वर्गात होती. ही माणसं सिरोंच्याची, गोदावरीच्या काठची. घरात तेलुगू, अंगणात मराठी आणि भांडण झालं की दोन्ही. अंगण एकच होतं, मधे कुंपण नव्हतं. सिरोंच्याची मुक्कामी गाडी वर्षानुवर्षं या जोडीकडे होती. आज सकाळी गेले की उद्या संध्याकाळी यायचे, अंगभर धूळ घेऊन, आणि दोन्ही घरच्या चुलींवर चहाचं आधण एकदमच चढायचं. बाबांना घरातही घंटीची सवय होती. जेवण झालं की ताटावर बोटाने दोनदा टणटण करायचे. म्हणजे ताट उचल, गाडी सुटली. आई म्हणायची, “मी तुमची ड्रायव्हर होय का?” आणि उचलायची.

त्या अंगणाचे आवाज अजून कानात आहेत. दिवसभर गिरणीची धडधड, ती बंद पडली की आम्हाला बहिरं झाल्यागत वाटायचं. लक्ष्मीकाकूंचं मोहरीची फोडणी देणं, पाठोपाठ त्यांचा ठसका. चिंचेशिवाय त्यांचा एक दिवस जात नसे. वरणात चिंच, माशात चिंच, आणि सणाला चिंचेचा पिवळाधमक भात, त्यात भाजलेले शेंगदाणे आणि कढीपत्ता. आमच्या घरी अंबाडीची भाजी आणि तांदळाची भाकर असली की मी ताट घेऊन तिकडे जायची, राजी तिचं ताट घेऊन इकडे यायची, आणि वाटेत अंगणात आमची अदलाबदल व्हायची. पौर्णिमेला आम्ही विहारातून परतायचो तेव्हा आईने केलेल्या खिरीची पहिली वाटी राजीच उचलायची. तिला कोणी विचारत नसे, तीही कोणाला विचारत नसे.

हा खेळ आमच्याकडे आला तो माझ्या मावसभावामुळे. प्रकाशदादा नागपूरला इंजिनिअरिंगला होता आणि दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस आमच्याकडे आला होता. त्याच्या होस्टेलमध्ये चार-पाच मुलं एका इंग्रजी पुस्तकावरून एक खेळ खेळायची. याला कोणी त्यात घेत नव्हतं, पण त्याने दोनदा मागे उभं राहून तो पाहिला होता, आणि तेवढ्या भांडवलावर त्याने आम्हाला तो शिकवायला घेतला. “पट नाई, सोंगट्या नाई,” तो म्हणाला. “सगळं तोंडानं. प्रत्येकानं एक माणूस बनायचं. एक जण पुठ्ठ्याचा आडोसा करून बसते. त्याच्या वहीत सगळं लिहून असते, पुढं काय हाये ते. तो बाकीच्याईले सांगते, अन् मग ते म्हणते मी हे करतो, मी ते करतो.”

विलास दहा वर्षांचा होता. तो पटकन म्हणाला, “म्हणजे प्रॉम्टर.”

प्रकाशदादा थोडा अडखळला आणि म्हणाला, “हां. तसंच काई.”

इथेच सगळी गंमत झाली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत नाटकं होतात. नट चार गावचे, तालीम नावापुरती, सगळी भिस्त विंगेत वही घेऊन बसलेल्या प्रॉम्टरवर. तो हळूच सांगतो आणि नट गरजतो. आडोशाला वही घेऊन बसलेला माणूस म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. त्यामुळे आमच्या खेळात प्रॉम्टर कुजबुजायचा. ज्याची पाळी असेल त्याने सुपाजवळ कान न्यायचा, प्रॉम्टरने त्याच्या कानात सांगायचं की तुला काय दिसतंय, काय ऐकू येतंय. मग त्याने तोंड वळवून सगळ्यांना मोठ्याने सांगायचं. खरं सांगायचं की तिखटमीठ लावायचं की साफ थापा मारायच्या, ही त्याची मर्जी.

अलीकडे विलासचा मुलगा सुट्टीत माझ्याकडे आला होता. तो आणि त्याचे मित्र हाच खेळ खेळतात. त्यांचे फासे वीस बाजूंचे असतात, काचेसारखे झळकणारे. मी आमची पद्धत सांगितली तर तो हसून हसून पलंगावरून खाली पडायचाच राहिला. “आत्या, तुम्ही पूर्ण चुकीचं खेळत होतात. तो सगळ्यांना मोठ्याने सांगतो.” असेल बाबा. पण मग कोणाच्या कानात काय आहे याची धाकधूक तुमच्या खेळात कुठून येणार, असं मी विचारलं.

आठ दिवसांनी प्रकाशदादा गेला आणि माझं अक्षर बरं म्हणून प्रॉम्टर मी झाले. आमचे नियम भांडता भांडताच तयार झाले. फासे म्हणजे चार अर्धे चिंचोके, धोका असेल तेव्हाच टाकायचे. लक्ष्मीकाकूंच्या कृपेने त्यांना तोटा नव्हता. दगडावर घासून फोडले की एक बाजू काळी, एक पांढरी. जितके पांढरे पडतील तितकं नशीब. चारही काळे पडले की त्या माणसाचा खेळ संपला. माणसाला आम्ही ‘पार्ट’ म्हणायचो. प्रत्येक पार्टाला एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा, तिकिटांच्या गठ्ठ्याखाली असतो तो. त्यावर पार्टाचं नाव, आणि जखम झाली की बाबांच्या जुन्या, स्प्रिंग गेलेल्या तिकीट-चिमट्याने एक भोक. वहीच्या पहिल्या पानावर मी दोन नियम ठळक लिहिले होते. पहिला: प्रॉम्टर कानात खोटं सांगणार नाही. दुसरा: कानातलं कानात, प्रॉम्टरने काय सांगितलं ते पार्ट संपला तरी कोणी फोडायचं नाही. पहिला नियम राजीने सुचवला होता. तिचं म्हणणं सरळ होतं, “आम्ही खोटं बोललो तं गंमत. तू खोटं बोललीस तं आम्ही उभं कुठी राहाचं?”

विलासचा पार्ट जंगलातला नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा पहारेकरी, ज्याला सतत भूक लागायची आणि जो वाघापेक्षा डब्याच्या काळजीत असायचा. राजीचा पार्ट भीमाक्का. भीमाक्का नदीवर डोंगा चालवायची. उंच, काळी, कंबरेला विळा, आणि अर्धं बोलणं तेलुगू. ती भुतांकडूनही पलीकडे सोडायची उतराई म्हणून तंबाखू मागायची. एकदा मी मोठ्या मेहनतीने एक अस्वल लिहिलं होतं. राजीने ते भीमाक्काच्या डोंग्यात बसवून पलीकडे सोडलं आणि वर त्याला दम दिला की पुन्हा येजो नको, तुह्या अंगाचा वास येते. माझ्या वहीची तीन पानं वाया गेली. पण अंगणातली माणसं पोट धरून हसत होती.

अंगणात माणसं असायची, हे सांगायचं राहिलंच. फाल्गुन-चैत्रात चिंचा उतरल्या की आसपासच्या पाच-सहा बाया रविवारी आमच्या अंगणात वर्षाची चिंच फोडायला बसायच्या. आई आणि लक्ष्मीकाकू मध्यभागी. चिंच ठेचायची ठकठक आणि शेजारी आमचा खेळ. आधी त्या आमच्याकडे लक्षच देत नव्हत्या. मग एक-दोघींनी विचारलं, “ते भीमाक्काचं काय झालं गं?” आणि बघता बघता अशी वेळ आली की राजी कान सुपाकडे घेऊन आली की ठकठक थांबायची. ती वळून बोलायला लागली की बायांचे हात तसेच हवेत. राजी काही देखणी नव्हती, वर्गात तोंडही उघडत नव्हती, तिच्या मराठीला मुली हसायच्या. पण भीमाक्का झाली की तिचा आवाज पार गिरणीपर्यंत जायचा. मला ते आवडायचं. खरंच आवडायचं, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे केलं त्यावरून कोणाला वाटणार नाही.

एका रविवारी खेळ रंगला होता आणि आई सगळ्यांसमोर सहज म्हणाली, “राजी लय मस्त सांगते बाई. आमची कुंदी तं नुसती कुजबूज करत राह्यते सुपामागं.”

बाया हसल्या. मीही हसले. पण माझे कान तापले. ती भुतं, ते अस्वल, एका बुडालेल्या देवळाची घंटा, सगळं मी लिहिलं होतं. शाळेत गणिताच्या तासाला लिहिलं होतं, मार खाऊन लिहिलं होतं. आणि माझी सख्खी आई म्हणत होती की मी नुसती कुजबूज करते. प्रॉम्टरला टाळ्या पडत नाहीत हे मला मंडईत बघून ठाऊक होतं. आपल्यावर आल्यावर ते जड गेलं.

पुढच्या रविवारी भीमाक्का पलीकडच्या गावी एका बाळंतिणीला औषध पोचवायला निघाली होती. माझ्या वहीत त्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की घाटावर पूर आहे, पाणी काठ सोडून वर आलंय, डोंगा काढायचा नाही, वाट पाहायची. राजी सुपाजवळ आली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. हळूच म्हणाली, “घाटावर धुकं हाये म्हणते तू. पाणी किती?”

मी तिच्या कानात म्हणाले, “गुडघाभर. डोंगा नको काढू. उतरून चालत जा.”

हे मी ठरवून ठेवलं होतं का? आज इतक्या वर्षांनी मी स्वतःला खूप विचारून पाहिलं आहे. आदल्या दिवसापर्यंत नव्हतं ठरवलं. तिचा कान जवळ आला आणि तोंडातून निघून गेलं, एवढंच मी सांगू शकते. आणि मला फार बरं वाटलं, हेही.

राजी वळली. हात कंबरेवर ठेवून म्हणाली, “भीमाक्का डोंगा बांधते अन् औषधाची बाटली डोक्यावर घेऊन पाण्यात उतरते.”

“टाक चिंचोके,” मी म्हणाले.

राजीने माझ्याकडे पाहिलं. गुडघाभर पाण्यात चिंचोके कशाला, हे तिला विचारता आलं असतं. पण तसं विचारलं की कानातलं फुटलं. तिने नियम पाळला. चिंचोके हातात खुळखुळवले आणि टाकले. चारही काळे पडले. ते मी पाडले नव्हते. पण तिला टाकायला मीच लावले होते.

“पूर होता,” मी मोठ्याने म्हणाले. प्रॉम्टर असून पहिल्यांदाच मी इतक्या मोठ्याने बोलले. “भीमाक्का वाहून गेली.”

मग एक बाई म्हणाली, “मायबाई, मारून टाकली काय?” राजीने भीमाक्काचा पुठ्ठा सुपासमोर ठेवला आणि उठून घरात गेली. तिने एक शब्द काढला असता तर सगळ्यांना कळलं असतं की मी खोटं बोलले. मी पहिला नियम मोडला होता, आणि ती दुसऱ्या नियमाला धरून मला वाचवत होती.

सोमवारी ती शाळेत दुसऱ्या बाकावर बसली. मंगळवारीही. संध्याकाळी ताटाची अदलाबदल नाही. विलास दिवसातून चारदा विचारायचा, “खेळ काऊन होऊन नाई राह्यला?” मी त्याला दोनदा मारलं. बुधवारी संध्याकाळी मल्लेशकाका आमच्या ओट्यावर येऊन बसले. बाबा शेजारी पाय धूत होते. काकांनी मला हाक मारली आणि त्यांच्या सावकाश मराठीत म्हणाले, “कुंदा, राजी नीट जेवून नाई राह्यली. विचारलं तं म्हणते, भीमाक्का मेली. काय झालं?”

“चिंचोके तसे पडले, काका.”

“ते झालंच. पण ती पुरात उतरली काऊन?” ते माझ्याकडे न बघता बिडीच्या टोकाकडे बघत होते. “माही पोर नदीकाठची हाये. ती खेळातबी पुरात पाय नाई टाकत. कोणी उथळ म्हटल्याबिगर नाई टाकत.”

“मले काय माहीत,” मी म्हणाले. “तिच्या मनात आलं अन् उतरली.”

“बरं,” मल्लेशकाका म्हणाले आणि बिडी विझवून गेले. बाबांनी पाय पुसले, टॉवेल झटकला, माझ्याकडे एकदा पाहिलं.

त्या आठवड्यात दोघांना जवळच्या खेड्याची फेरी लागली होती. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी बाबा म्हणाले, “चल, आज गाडीत.” मला वाटलं, लाड. खिडकीशी बसले, भाजलेले हरभरे खाल्ले. डांबरी सडक संपली, मुरमाची सुरू झाली. शेवटच्या गावी सगळे उतरले. एक म्हातारा आपली कोंबडी सीटखाली विसरला होता, ती त्याला नेऊन दिली. गावापुढे सडक नव्हती, होती ती बोडी. आमच्याकडे धानाला पाणी द्यायला खोदलेल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. गाडी वळवायची तर बोडीच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, मागे न्यावी लागायची. रोजचं काम होतं. बाबा मागे उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचे आणि काका गाडी मागे घ्यायचे.

बाबा मला हाताला धरून गाडीमागे घेऊन गेले. “आज तू सांग.”

“मले नाई येत.”

“त्याच्यात येण्यासारखं काय हाये? जागा हाये तवरक येऊ द्या म्हणायचं. पाळ जवळ आली की बस म्हणायचं.” आणि ते चार पावलं बाजूला जाऊन उभे राहिले.

गाडी गुरगुरली. मागची भली मोठी लाल पाठ माझ्या अंगावर यायला लागली. माझ्या मागे पाळ, पाळीखाली पाणी, पाण्यावर शेवाळ. ड्रायव्हरच्या बाजूला आरसा होता, पण त्यात बोडीची कड दिसत नाही हे मला ठाऊक होतं, काकांनीच कधीतरी सांगितलं होतं. खिडकीतून त्यांचं कोपर तेवढं बाहेर होतं. ते मान वळवतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी मान वळवली नाही. मी चिरक्या आवाजात “येऊ द्या” म्हटलं की गाडी येत होती. गप्प राहिले की गाडी जागीच घुरघुरत होती. जितकं मी म्हणत होते तितकीच ती येत होती, वीतभर कमी नाही, वीतभर जास्त नाही. बुधवारी मी या माणसाला तोंडावर खोटं सांगितलं होतं आणि ते त्यांना कळलं होतं. कळूनही ते समोर बघत बसले होते.

“बस!” मी ओरडले. गाडी जागच्या जागी थांबली.

बाबा म्हणाले, “अगं, लय जागा हाये अजून. दोन बैलगाड्या उभ्या राह्यतीन.” मी तिथेच पाळीवर बसले आणि रडायला लागले. मल्लेशकाका खाली उतरले, चालत मागे आले, जागा बघितली. “माही गाडी बोडीले एवढी भेते का गं?” असं म्हणून माझ्या शेजारी उकिडवे बसले.

“काका, मी राजीले खोटं सांगितलं. मी तिले गुडघाभर पाणी म्हटलं.”

“माहीत हाये मले.”

“मंग तुम्ही मागं काऊन नाई पाह्यलं?”

त्यांना प्रश्नच समजला नाही असं वाटलं. “मागं पाहून गाडी कोण घेते? मंग कंडक्टर कायले पाह्यजे?” ते म्हणाले. उठता उठता म्हणाले, “मले सांगून काय होते? मी थोडीच वाहून गेलो?”

बाबांनी घरी आल्यावर आईला काय सांगितलं, मला माहीत नाही. आईने मला बोलावलं. तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकर आणि वर वांग्याच्या भाजीची वाटी होती. घरात मयत झालं की त्या घरची चूल पेटत नाही, पहिलं जेवण शेजारी घेऊन जातात. त्याला कडू घास म्हणतात. आई म्हणाली, “भीमाक्का मेली ना तुमची? सहा दिवस झाले, कोणी कडू घास नेला नाई. तूच ने. मारणाऱ्यानं नेऊ नये असं काई शास्त्रात नाई.” मी म्हटलं, आई, थट्टा नको करू. ती म्हणाली, “थट्टा कोण करून राह्यलं? पोरीचं माणूस गेलं हाये.” तिच्या चेहऱ्यावर खरंच हसू नव्हतं. माझी आई कधी कोणाला जवळ घेऊन समजावणारी बाई नव्हती, पण काय न्यायचं आणि कोणी न्यायचं हे तिला बरोबर कळायचं. ती वारल्यापासून मला तिची सगळ्यात जास्त आठवण अशाच वेळी येते.

लक्ष्मीकाकूंनी फडकं बघितलं आणि त्यांना काय ते कळलं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, अगदी खऱ्यासारखा, आणि राजीला “तिनू, तिनू”, खा, खा, म्हणून पुढे बसवलं. राजी भिंतीकडे तोंड करून होती. मी भाकर तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “मी खोटं सांगितलं. तुले सगळे वाखाणून राह्यले होते म्हणून सांगितलं. मले वाईट वाटत होतं, अन् तेव्हा तुले मारून बरं वाटलं. आता नाई वाटत.”

राजी भाकरीचा एक तुकडा मोडून म्हणाली, “मले कायले सांगते? मले तं माहीतच होतं. उद्या सगळ्याईले सांग.”

ते सगळ्यात कठीण होतं, बोडीपेक्षाही. रविवारी बाया जमल्या, ठकठक सुरू झाली, आणि मी उभी राहून सांगितलं. कोणी रागावलं नाही. एक म्हातारी बाई म्हणाली, “म्हणूनच म्हणलं, भीमाक्का अशी कशी बुडली? एवढी येडी नव्हती ते.” बाकीच्यांनी माना हलवल्या, चारचौघांत आपल्या ओळखीच्या बाईवरचा आळ फिटला की हलवतात तशा. कोणीतरी म्हणालं, मग आता तिला जिवंत करा. विलास तर नवा पुठ्ठा कापायलाच धावला.

“नाई,” राजी म्हणाली. “मेली ते मेली.” आणि ती येऊन माझ्या जागेवर, सुपाआड बसली. वही उघडली, पान उलटलं, मला म्हणाली, “तू तिकडं बस. आता तू पार्ट घे.”

राजी आज नदीपलीकडे मंचेरियालला असते, दोन नातवांची आजी आहे, आणि फोनवर अजून मला कुंदीच म्हणते. मी हे लिहिते आहे असं सांगितलं तर म्हणाली, खरं लिहिजो. त्या रविवारी माझ्याबद्दल तिच्या मनात काय होतं ते मी तिला कधी विचारलं नाही. तेव्हा अंगणात सगळ्यांना एकच वाटत होतं. विलास तर बायांना हळूच सांगतही होता, “आता ढकलते पहा तिले.” मी पार्ट घेतला नर्सबाईचा, हातात पेटी, डोंगरापलीकडच्या गावात साथ आलेली, चढ चढून पोचायचं. वाटेत अंधारून आलं. आणखी एक भोक पडलं की माझी नर्सबाई संपणार होती. मी सुपाजवळ कान नेला. राजीच्या बोटांना चिंचेचा वास येत होता. ठकठक थांबली होती. लक्ष्मीकाकू आणि आई दोघींचे हात थांबले होते. मी सुपाच्या उसवलेल्या फटीतून तिचा चेहरा बघायचा प्रयत्न केला, मग तो सोडला आणि डोळे मिटून घेतले.

राजी कानात म्हणाली, “कड्यावर हाये तू. समोर काईच दिसून नाई राह्यलं. पण पायाखाली जमीन हाये. चाल.”

मी वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “नर्सबाई पाय पुढं टाकते.”

जमीन होती.